तालीम (नाट्य)

नाटक प्रेक्षकांसमोर नेण्यापूर्वी नटसंच दिग्दर्शकासोबत जो सराव करतो, त्याला तालीम म्हणतात. शब्द मूळ अरबी, अर्थ शिक्षण. मराठीत पैलवानांच्या आखाड्यालाही तालीमच म्हणतात. भूमिका खरी वाटते ती इथे घडलेली असते म्हणून. प्रयोगाच्या रात्री ती आयत्या वेळी सुचत नाही.

संगीत नाटकाच्या काळात नाटक कंपन्यांत तालीममास्तर असे. शब्दोच्चार, हातवारे, पदांच्या म्हणजे नाटकातल्या गाण्यांच्या जागा तो नटांकडून घोटून घेई. स्त्रीभूमिका पुरुष करीत. बालगंधर्वांनी त्या इतक्या समरसून केल्या की त्यांच्या साडी नेसण्याचे अनुकरण घराघरांत झाले. पुढे १९३३ मध्ये ‘नाट्यमन्वंतर’ संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ रंगभूमीवर आणले. त्यात ज्योत्स्ना भोळे यांच्यासारख्या स्त्रियांनीच स्त्रीभूमिका केल्या आणि घरातल्या माणसांसारखे बोलणे रंगमंचावर आले. मग नुसती घोकंपट्टी पुरेनाशी झाली.

तालमींची सुरुवात वाचनाने होते. नट गोल करून बसतात, पात्राला या प्रसंगात नेमके काय हवे आहे हे शोधतात. ते सापडण्याआधी केलेले पाठांतर घातक ठरते, कारण वाक्याबरोबर त्याची चालही पाठ होते आणि ती नंतर सुटता सुटत नाही. वाचनानंतर हालचाली बसवल्या जातात. शब्द तोंडात बसले, की खरे काम सुरू होते: समोरच्याचे ऐकणे. पुढचे वाक्य ठाऊक असूनही ते आत्ताच सुचल्यासारखे बोलायचे, तर समोरच्याचे वाक्य खरोखर कानांत शिरावे लागते. आपल्या पाळीची वाट पाहत उभा असलेला नट शेवटच्या रांगेतूनही ओळखू येतो.

रंगमंचावर पत्र वाचण्याचा प्रसंग घ्या. कोरा कागद हातात धरून पाठ मजकूर म्हणणाऱ्या नटाचे डोळे एकाच जागी खिळलेले राहतात. त्याच कागदावर खरा मजकूर लिहून द्या: नजर ओळीवरून सरकते, एखाद्या शब्दाशी अडते, मागे जाते, आणि तिच्यामागून आवाजही थबकतो. म्हणूनच चहाचा कप, चष्मा, पदर या वस्तू रंगीत तालमीपर्यंत, म्हणजे वेशभूषेसह होणाऱ्या शेवटच्या तालमीपर्यंत, न थांबता आधीपासूनच हाताळायला मिळाव्यात.

भरताच्या नाट्यशास्त्रात अभिनयाचे आंगिक (शरीराचा), वाचिक (वाणीचा), आहार्य (वेशभूषेचा) आणि सात्त्विक (मनातून उमटणारा) असे चार प्रकार सांगितले आहेत. अश्रू, घाम, कंप, रोमांच असे आठ सात्त्विक भाव मन एकाग्र झाल्यावर उमटतात. रशियन दिग्दर्शक स्तानिस्लावस्की (१८६३–१९३८) यांनी नटाला विचारायला लावलेला प्रश्न याच्या जवळ जातो: मी या परिस्थितीत असतो तर काय केले असते? रडू आणायचा प्रयत्न केला तर चेहरा तेवढा वाकडा होतो. प्रश्न प्रामाणिकपणे विचारला, तर कधी कधी रडू येतेही.

पुण्यात १९६३ पासून होणाऱ्या पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेने महाविद्यालयीन मुलांच्या कितीतरी पिढ्यांना तालमीची सवय लावली.

व्यावसायिक नाटकात शुभारंभानंतरही तालीम संपत नाही. एखाद्या भूमिकेत नवा नट आला, की रिप्लेसमेंटच्या तालमी लागतात. त्या एकट्या नवख्यासाठी नसतात. त्याचा पॉज वेगळा, नजर वेगळी, त्यामुळे शंभर प्रयोग केलेल्या जुन्या नटांनाही उत्तर द्यायला पुन्हा पहिल्यासारखे ऐकावे लागते.