कंपासने काढल्यासारखी दिसणारी ती जाड अक्षरं आली कुठून?

गोल म्हणजे अगदी गोल, सरळ म्हणजे पट्टी धरून ओढल्यासारखं सरळ, आणि वर चांगलं जाडजूड. अशी अक्षरं पोस्टरवर, लोगोत, पुस्तकाच्या कव्हरवर दिसतात आणि कालच कोणीतरी कॉम्प्युटरवर बनवली असतील असं वाटतं. पण त्यामागे २०० वर्षांची खटपट आहे, आणि मला त्यात सगळ्यात भारी वाटतं ते हे की भूमितीवर उभी असलेली ही अक्षरं भूमितीचं पूर्ण ऐकतच नाहीत.

आधी जाडपणा आला, भूमिती बरीच नंतर. छापखान्यातले खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, मुळात पुस्तकांसाठी, हातात धरून वाचायच्या मजकुरासाठी. १९व्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये जाहिराती वाढल्या, भिंतीवरचा कागद रस्त्याच्या पलीकडून दिसला पाहिजे अशी गरज निर्माण झाली आणि अक्षरं फुगायला लागली. १८१६ च्या सुमारास लंडनच्या विल्यम कॅस्लन चौथा याने टोकांना पाय नसलेला, म्हणजे सेरिफ नसलेला टाइप नमुन्यादाखल छापला, तोही फक्त कॅपिटलमध्ये. मोठ्या साइजचे शिशाचे खिळे जड आणि महाग पडायचे, म्हणून १८२७ मध्ये न्यूयॉर्कच्या डॅरियस वेल्सने मशीनवर लाकडी अक्षरं कोरायला घेतली, मग काय, हातभर उंचीचं अक्षरसुद्धा परवडायला लागलं.

भूमिती आली ती १९२० च्या दशकातल्या जर्मनीत. तिथे तेव्हा बरीच पुस्तकं, पेपर ब्लॅकलेटरमध्ये छापले जायचे, म्हणजे पेनाच्या तिरक्या टोकाने लिहिल्यासारखी टोकदार गॉथिक अक्षरं, आणि पहिल्या महायुद्धानंतरच्या नव्या पिढीला वाटत होतं की अक्षर लिहायचं कशाला, मशीनच्या काळात ते इमारतीसारखं बांधायचं. बाउहाउस या जर्मनीतल्या डिझाइनच्या शाळेत हर्बर्ट बायरने १९२५ मध्ये वर्तुळाचे तुकडे आणि सरळ रेषा घेऊन एक वर्णमाला काढली आणि तिच्यात कॅपिटल अक्षरं ठेवलीच नाहीत, ज्या भाषेत प्रत्येक नाम कॅपिटलने सुरू होतं त्या भाषेत हे केलं, केवढी हिंमत बघा! योसेफ आल्बर्सने तर चौकोन, त्रिकोण आणि पाव वर्तुळ एवढ्यावरच स्टेन्सिलची अक्षरं जुळवली.

पण छापखान्यांपर्यंत खऱ्या अर्थाने पोचली ती पाउल रेनरची फ्युचुरा ही अक्षरमाला, म्हणजे टाइपफेस. रेनर बाउहाउसमध्ये शिकवायचा हा गैरसमज अजून फिरत असतो, पण तो तिथे शिकवत नव्हता. १९२४ मध्ये काम सुरू केलं आणि १९२७ मध्ये फ्रँकफुर्टच्या बाउअर या खिळे ओतणाऱ्या फाउंड्रीने ती बाजारात आणली. सुरुवातीच्या ड्रॉइंगमध्ये इंग्रजी स्मॉल 'आर' म्हणजे नुसता एक दांडा आणि शेजारी एक ठिपका होता, बघायला सुंदर, पण वाचताना अडखळायला होतं, शेवटी नेहमीचा 'आर' मुख्य झाला.

आता ही अक्षरं भूमितीपेक्षा डोळ्याचं ऐकतात म्हणजे काय ते सांगते, कारण मला हे स्वतः करून बघेपर्यंत पटलं नव्हतं. मी स्क्रीनवर एक उभा दांडा काढला आणि शेजारी तेवढ्याच जाडीचं, तेवढ्याच उंचीचं गोल कडं ठेवलं. मोजून सारखं, तरी कडं बुटकं दिसत होतं आणि बाजूने बारीक. कारण गोलाची कड वरच्या रेषेला फक्त एका बिंदूत टेकते. म्हणून 'ओ' वरून आणि खालून जरासा बाहेर काढायचा, बाजूंना किंचित जाड करायचा, आणि आडव्या रेघा उभ्यापेक्षा थोड्या बारीक ठेवायच्या, नाहीतर त्याच जाड दिसतात. बोल्डमध्ये हे सगळं अजून अवघड होतं. जाडी वाढवली की आतली मोकळी जागा बुजते, स्मॉल 'एन'ची कमान दांड्याला मिळते तिथे काळा डाग पडतो, मग तिथे रेघ निमुळती करत न्यावी लागते. फ्युचुराच्या जाड प्रकारांमध्ये हे अगदी जवळून दिसतं.

१९२९ मध्ये रेनरचीच फ्युचुरा ब्लॅक आली, स्टेन्सिलसारखी तुटक, आणि त्याच वर्षी फ्रान्समध्ये पोस्टर बनवणाऱ्या कॅसांद्रची बिफूर, जिच्यात अक्षराचा निम्मा भाग भरीव आणि बाकीचा नुसत्या बारीक रेघांचा. ही दोन्ही सरळसरळ हेडिंगसाठीच होती, परिच्छेद लावायला नव्हेच. पुढे १९३३ मध्ये बाउहाउस बंद पडलं, रेनरला नाझींनी अटक केली आणि त्याची नोकरी गेली. टाइप मात्र तोपर्यंत जगभर गेला होता, चंद्रावर अपोलो ११ ने ठेवलेल्या फलकावरची अक्षरंही फ्युचुराचीच.

दुसरी लाट फोटोटाइपसेटिंगची, म्हणजे खिळ्यांऐवजी फिल्मवर अक्षरं जुळवायची. धातूचा खिळा म्हणजे एक ठोकळा, दोन अक्षरं त्याच्या कडेपेक्षा जवळ आणायची तर ठोकळाच कापावा लागायचा. फिल्मवर ती अडचण गेली. अमेरिकन डिझायनर हर्ब लुबालिनने १९६८ मध्ये 'अवांत गार्द' या मासिकाच्या लोगोत 'ए' आणि 'व्ही' एकमेकांच्या उतारात घट्ट बसवले, आणि १९७० मध्ये त्यावरून टॉम कार्नेसबरोबर आख्खा टाइपफेस निघाला, जोडाक्षरांसकट. लोकांनी मग ती तिरकी जोडाक्षरं जिथे तिथे घातली, शेजारचं अक्षर सरळ असलं तरी, त्यामुळे शब्दाच्या मधेच भोक पडल्यासारखं दिसायचं. वाईट वाटतं, कारण ती फक्त काही ठरावीक जोड्यांसाठी काढलेली होती.

वापरताना आजही तेच लक्षात ठेवावं लागतं, तीन-चार शब्द, मोठा साइज, आणि अक्षरांमधलं अंतर आतल्या मोकळ्या जागेकडे बघून हाताने जुळवायचं. हाच बोल्ड १० पॉइंटला, म्हणजे पुस्तकातल्या मजकुराएवढ्या लहान साइजला लावला तर 'ई'च्या पोटातली फट सगळ्यात आधी शाईने भरते.