बुटक्या बांधाची सुबत्ता

बंधारा म्हटलं की आधी उंचीचा विचार येतो. जितका उंच, तितकं जास्त पाणी. चीनच्या सिच्वान प्रांतात दुजियांगयान इथे इ. स. पूर्व 256 च्या सुमारास ली बिंग या प्रांताधिकाऱ्याने नेमकं उलट केलं. ती व्यवस्था आजही 6 लाखांहून अधिक हेक्टर शेती भिजवते.

मिन नदी इथे डोंगरातून सपाटीवर उतरते. ली बिंगने तिला अडवलंच नाही. बांबूच्या लांब टोपल्यांत दगडगोटे भरून पात्राच्या मधोमध निमुळता बांध घातला आणि प्रवाहाचे दोन फाटे केले. शेतांकडचा अरुंद नि खोल, दुसरा रुंद नि उथळ. उन्हाळ्याआधी नदी रोडावते तेव्हा सुमारे 60 टक्के पाणी खोल फाट्याने शेतांकडे जातं. पुरात तेवढाच वाटा उथळ फाट्याने निघून जातो.

गाळाचाही बंदोबस्त आहे. नदी वळते तेव्हा वरचं नितळ पाणी वळणाच्या बाहेरच्या काठाकडे सरकतं आणि तळचं गाळमिश्रित पाणी आतल्या काठाकडे. चहा ढवळल्यावर पत्ती कपाच्या मधोमध जमते ती याच कारणाने. शेतांकडे जाणारा फाटा नितळ पाण्याच्या बाजूला काढलेला आहे.

तरीही थोडा गाळ येतोच. पुढे डोंगर फोडून केलेलं तोंड जेमतेम 20 मीटर रुंद. तिथे पाणी तुंबतं, भोवरे घेतं आणि शेजारच्या सांडव्यावरून वाळू-गोट्यांसह मुख्य नदीत परततं. हा सांडवा तळापासून सुमारे 2 मीटरच उंच. मला सगळ्यात थोर वाटतो तो हाच. लोभाने तो वाढवला, तर कोरड्या दिवसांत थोडं जास्त पाणी मिळेल, पण गाळ आत साचेल आणि पूर शहरात घुसेल.

नद्या आणि समुद्र खाली राहतात, म्हणून शेकडो ओढे त्यांना येऊन मिळतात, असं ताओ विचाराचा प्राचीन चिनी प्रवर्तक मानल्या जाणाऱ्या लाओत्सेच्या नावावरचं वचन आहे. ली बिंगने त्यावरून हे बांधलं असा दावा मी करणार नाही. पण जवळच्या चिंगचंग डोंगरावर पुढे, इ. स. 142 च्या सुमारास, ताओ धर्मपंथ उभा राहिला आणि युनेस्कोने 2000 साली दोन्ही ठिकाणं एकत्रच जागतिक वारशात घेतली.

ली बिंगच्या मंदिरात नियम कोरला आहे: गाळ खोल उपसा, बांध बुटका ठेवा. किती खोल, हे कळावं म्हणून पुढच्या पिढ्यांनी तळात लोखंडी दांडे पुरले. हिवाळ्यात ते दिसेपर्यंत गाळ काढायचा. कमी काढला तर पेरणीला पाणी अपुरं पडतं, जास्त काढला तर पुराचं पाणी शेतात नको तितकं शिरतं.