डाग बुरशीचा की मळाचा? घासायला घेण्याआधी हे वाचा

घरातली बुरशी काढायच्या कामासाठी आम्हाला येणारे बरेचसे फोन एकाच वाक्याने सुरू होतात: "भिंतीवर काळं काहीतरी आलंय, कितीदा पुसलं तरी परत येतं." भाड्याच्या घरात हा प्रश्न जास्त छळतो, कारण घर आपलं नसतं आणि अनामत मात्र आपली अडकलेली असते. म्हणून घाईघाईने हाताला येईल ते औषध फवारलं जातं. आमचं सांगणं एवढंच, की डाग कशाचा आहे ते आधी ओळखा. मळ, लोणा आणि बुरशी या तिघांवर एक उपाय चालत नाही.

जागा बघितली की निम्मं काम होतं. स्विचबोर्डभोवतीचा, दाराच्या कडेचा, डोकं टेकतं तिथला डाग हाताचा आणि तेलाचा. पंख्याच्या वर किंवा एसीच्या तोंडाशी दिसते ती धूळ, दिव्याच्या किंवा शेगडीच्या वर दिसते ती काजळी. बुरशी वेगळीच ठिकाणं धरते: बाहेरच्या भिंतीचा कोपरा, खिडकीची खालची कड, भिंतीला चिकटवलेल्या कपाटाची मागची बाजू. ती बारीक ठिपक्यांनी सुरू होते, मग ठिपके एकमेकांत मिसळतात. सोबत कुबट वास असतो. एका घरी आम्ही कपाट पुढे ओढलं तर मागे भिंतीवर कपाटाच्याच मापाचा काळा चौकोन! त्या कुटुंबाने वर्षभर वासासाठी न्हाणीघराला दोष दिला होता.

तरी शंका असेल तर कोपऱ्यात, सहज नजरेस न पडणाऱ्या जागी ब्लीचचा एक थेंब लावा. एक-दोन मिनिटांत डाग फिका पडला तर बहुधा बुरशी, तसाच काळा राहिला तर बहुधा मळ. रंगीत भिंतीचा रंगही उडू शकतो, म्हणून थेंब म्हणजे थेंबच. पांढरी, भुसभुशीत पावडर दिसत असेल तर तिच्यावर पाण्याचा थेंब टाका. विरघळली तर तो लोणा, म्हणजे भिंतीतून ओलीबरोबर बाहेर आलेले क्षार. तो कोरड्या ब्रशने झाडायचा. पाण्याने धुतलात तर क्षार पुन्हा आत मुरतात.

न्हाणीघरातल्या गुलाबी थराला लोक बुरशी म्हणतात. तो बहुतेक वेळा जिवाणूंचा थर असतो आणि साबण लावून घासला की निघतो.

ओल कुठून येते?

हे कळल्याशिवाय साफसफाई म्हणजे पैसे वाया. अॅल्युमिनियम फॉइलचा हातभर तुकडा भिंतीच्या कोरड्या भागावर चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून घट्ट बसवा आणि २४ तासांनी बघा. खोलीकडच्या बाजूवर दव जमलं असेल तर ओल घरातल्या हवेची आहे: आंघोळीची वाफ, घरात वाळत घातलेले कपडे. भिंतीकडची बाजू ओली असेल तर पाणी भिंतीतूनच येतंय. पहिल्या प्रकारात एक्झॉस्ट फॅन, उघडी खिडकी आणि कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे, एवढ्यानेही खूप फरक पडतो. घरातली आर्द्रता ६० टक्क्यांच्या खाली ठेवायची. दुसऱ्या प्रकारात प्लंबर किंवा गवंडी लागतो. अशा घरी गळती बंद होईपर्यंत आम्ही बुरशी काढायचं काम घेत नाही. महिनाभराने तीच भिंत पुन्हा काळी झाली की आम्हालाही वाईट वाटतं.

घरच्या घरी काढताना

एक चौरस मीटरपर्यंतचा डाग तुम्ही स्वतः काढू शकता. त्याहून मोठा असेल किंवा घरात दम्याचा रुग्ण असेल तर हात लावू नका. एन-९५ मास्क, रबरी हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा घाला. खिडकी उघडा, आतलं दार लावा, पंखा बंद ठेवा. बुरशी कोरडी कधीच घासू नका. तिचे बीजाणू खोलीभर उडतात. आधी साबणाच्या पाण्याने ओली करा, मग घासा, फडकं वरचेवर बदला आणि शेवटी भिंत पूर्ण कोरडी करा.

टाइल्स, काच, धातू यांना बहुतेकदा साबण पुरतो. ब्लीच वापरायचंच तर चार लिटर पाण्यात एक कप, त्याहून जास्त नाही. ब्लीचमध्ये व्हिनेगर, अॅसिड किंवा अमोनियाचं क्लीनर कधीही मिसळू नका. त्यातून विषारी वायू निघतो. साध्या डिस्टेंपरच्या भिंतीवर ब्लीच फसवं असतं: वरचा डाग पांढरा होतो, आतली बुरशी तशीच राहते आणि पाणी मात्र प्लास्टरमध्ये मुरतं. सिंकभोवतीच्या सिलिकॉनमध्ये आतवर काळं गेलं असेल तर घासण्यात अर्थ नाही, ती पट्टी कापून नवी भरावी लागते. बुरशी लागलेली गादी किंवा फोमची उशी टाकून द्या. आणि काळ्या डागावर थेट रंग मारू नका, थोड्याच दिवसांत पोपडे येतात.

भाडेकरूंसाठी

पुसण्याआधी फोटो काढा, तारखेसह. आधी जवळून, मग खोली ओळखू येईल असा लांबून. मालकांना लेखी कळवा. मेसेज चालेल, नुसता फोन नको. भिंतीतली गळती आणि आंघोळीची वाफ यांत जबाबदारी कोणाची यावरूनच घर सोडताना वाद होतात, तेव्हा फॉइलचाही फोटो ठेवा. दुरुस्तीचं कलम करारात काय आहे ते एकदा वाचून घ्या. नव्या घरात राहायला जाताना सामान लावण्याआधी सिंकखाली, कपाटांच्या मागे आणि खिडक्यांच्या कडांवर टॉर्च मारून बघा.

आम्हाला बोलावलं असेल तर आम्ही येण्याआधी दोन दिवस तिथे काही फवारू नका, पुसू नका. सुगंधी स्प्रेसुद्धा नको, कारण वास कुठून येतोय ते आम्हाला नाकानेच शोधावं लागतं.