चौतीसशे हर्ट्‌झची वेस

वीसेक वर्षांपूर्वी यवतमाळ-अमरावतीकडच्या खेड्यांत ज्यांनी लँडलाइनवर इंटरनेट घेतलं, त्यांना हा अनुभव असेल. तालुक्याच्या गावात एक्सचेंजमागच्या गल्लीत राहणाऱ्याकडे पान झटकन उघडायचं. पाच किलोमीटरवरच्या गावात मोडेमचा दिवा नुसता लुकलुकत राहायचा. बिल दोघांचं सारखंच. शिव्या लाइनमनला. जोड कुजलेले असत हे खरं, पण मूळ अडचण त्याच्या हातातली नव्हती.

टेलिफोन बोलण्यासाठी निघाला. माणसाचं बोलणं कळायला ३०० ते ३४०० हर्ट्‌झ (सेकंदाला तितकी कंपनं) एवढा पट्टा पुरतो, म्हणून सगळी यंत्रणा तेवढ्यावरच बेतली. लांबच्या तारांवर आवाज टिकावा म्हणून १९०० च्या सुमारास मायकेल प्युपिन या शास्त्रज्ञाच्या तारेच्या गुंडाळ्या मध्येमध्ये बसवल्या जाऊ लागल्या. बोलणं सुधारलं, वरची कंपनं मात्र पार अडली. पुढे डिजिटल एक्सचेंज आलं. आपल्याकडे १९८४ मध्ये सी-डॉट ही सरकारी दूरसंचार संशोधन संस्था स्थापन झाली आणि तिची १२८ पोर्टची छोटी ग्रामीण एक्सचेंजं खेडोपाडी बसली. आवाजाचे सेकंदाला ८००० नमुने, प्रत्येकी ८ बिट, म्हणजे ६४ किलोबिट. ही ३४०० हर्ट्‌झची वेस एक्सचेंजच्या दारात होती, गुंडाळ्या नसलेल्या तारेत नव्हती, हे लक्षात ठेवायला हवं. १५ ऑगस्ट १९९५ पासून देशात सर्वांसाठी इंटरनेट खुलं झालं, तरी डायल-अप मोडेम ५६ किलोबिटांपलीकडे गेला नाही, तो याच वेशीमुळे.

मग आवाजाच्या वरची मोकळी जागा का वापरू नये? अमेरिकेत बेलकोर या टेलिफोन-संशोधन कंपनीच्या जोसेफ लेक्लायडर यांनी १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात हा विचार पुढे नेला. घरी येणारा माल जास्त, जाणारा कमी, म्हणून रस्ताही तसाच असमान ठेवायचा. एडीएसएल ते हेच. १.१ मेगाहर्ट्‌झपर्यंतच्या पट्ट्याचे ४.३१२५ किलोहर्ट्‌झचे २५६ वाफे पाडायचे आणि ज्या वाफ्यात जितकं पिकेल तितकं पेरायचं. खालचे वाफे बोलण्याला सोडलेले, म्हणून फोन आणि इंटरनेट एकाच तारेवर चालत.

कोणत्याही कास्तकाराला पुढचं सांगावं लागणार नाही: शेवटच्या वाफ्याला पाणी पोचत नाही. कंपनं जितकी जलद, तितका प्रवाह तारेच्या नुसत्या सालीतून वाहतो आणि विरोध वाढतो. टेलिफोनच्या बारीक तारेत १ मेगाहर्ट्‌झचा संकेत दर किलोमीटरला साधारण २० डेसिबलने खचतो, म्हणजे शंभरातला एक भाग उरतो. पाच किलोमीटरवर ही शंभराने भागणी पाचदा. बोलणं त्याच तारेवर ठणठणीत ऐकू येतं, म्हणून तर गावकऱ्यांना तक्रार पटवून देता येत नसे. ऐकणारा म्हणायचा: 'फोन तर चालू आहे ना बाप्पा, मग बिघाड कुठे?'

त्यात आपली काळी माती. उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, केबल ओढली जाते, जोडांत पाणी शिरतं आणि उरल्यासुरल्या वाफ्यांत कचरा माजतो.

नवी तंत्रं आली, ती कंपनांची कमाल मर्यादा वाढवतच. एडीएसएल२+ २.२ मेगाहर्ट्‌झपर्यंत गेलं आणि कागदावर २४ मेगाबिट झाले. व्हीडीएसएल२ ३० मेगाहर्ट्‌झपर्यंत, जी.फास्ट १०६ मेगाहर्ट्‌झपर्यंत. दर पायरीला वेग वाढला आणि पल्ला आटला: जी.फास्टला जेमतेम काहीशे मीटर. म्हणजे सुधारणा शहरातल्या इमारतींसाठी होत गेल्या, दूरच्या गावाला त्यातला एकही वाफा मिळाला नाही. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने किमान २५६ किलोबिटांना ब्रॉडबँड म्हटलं. लांबच्या तारेवर तेवढेही टिकवायला कसरत होती.

२०११ मध्ये मंजूर झालेल्या आणि पुढे भारतनेट म्हणून ओळखल्या गेलेल्या योजनेने फायबर ग्रामपंचायतीपर्यंत न्यायचं ठरवलं. खरं तर त्या दिवशी तांब्याची तार पहिल्यांदाच पुरेशी आखूड झाली असती. पण तोवर रस्त्यांच्या खोदकामात बरीच केबल उखडली होती, घरोघरी मोबाइल आला होता आणि मोडेमचा दिवा विझून गेला होता.