नव्या लॅपटॉपवर मेल येतो, पण जात नाही?

ग्राहकांसाठी माहितीपत्रक

नमस्कार,

नवा लॅपटॉप घरी गेला की दोन-चार दिवसांत आमच्याकडे फोन येतो तो बहुधा हाच: "मेल सगळे येतायत, पण मी पाठवलेला आउटबॉक्समध्येच अडकलाय." अंबड-सातपूरच्या वर्कशॉपचं कोटेशन असो की पिंपळगाव-दिंडोरीकडच्या द्राक्ष निर्यातदाराची पॅकिंग लिस्ट, ते वेळेत गेलं नाही तर नुकसान खरंखुरं होतं. म्हणून हे पत्रक. ते वाचून बरेच जण घरबसल्या अडचण सोडवू शकतील.

मेल येतोय, मग सेटिंग बरोबरच असणार ना?

नाही. येणारा मेल एका सर्व्हरवरून येतो (आयमॅप किंवा पॉप, या मेल आणण्याच्या दोन पद्धती), जाणारा दुसऱ्याच सर्व्हरमार्फत जातो (एसएमटीपी, ही मेल पाठवण्याची पद्धत). दोघांचे पत्ते वेगळे, पोर्ट (सर्व्हरच्या दाराचा क्रमांक) वेगळे, पासवर्डची तपासणीही वेगळी. जुन्या लॅपटॉपवर कुणीतरी कधीकाळी हे सगळं भरून ठेवलेलं होतं, म्हणून तुम्हाला ते कधी दिसलंच नाही. नव्यावर पाटी कोरी आहे.

आधी एवढं करून बघा

ब्राउझर उघडा, तुमच्या मेलच्या वेबसाइटवर लॉगिन करा आणि स्वतःलाच एक मेल पाठवा. तो गेला तर खातं ठणठणीत आहे, दोष लॅपटॉपवरच्या सेटिंगमध्ये किंवा इंटरनेटच्या जोडणीत. तिथूनही गेला नाही, तर खात्यातली जागा भरली आहे का पाहा. जीमेलची मोफत १५ जीबी जागा ड्राइव्ह आणि फोटोंसकट मोजली जाते.

सर्वांत जास्त वेळा सापडणारी चूक

एसएमटीपीचे नियम १९८२ साली ठरले, तेव्हा पाठवणाऱ्याची ओळख विचारायची सोयच त्यात नव्हती. ती १९९९ मध्ये आली, आणि मागाहून जोडलेली म्हणून आजही काही प्रोग्रॅममध्ये ती वेगळी चालू करावी लागते. जुन्या पद्धतीच्या आउटलुकमध्ये फाइल, अकाउंट सेटिंग्ज, तुमचं खातं, मोअर सेटिंग्ज आणि मग आउटगोइंग सर्व्हर असं जा. तिथे "माय आउटगोइंग सर्व्हर रिक्वायर्स ऑथेंटिकेशन" या ओळीपुढे टिक करा. ही टिक नसेल, तर सर्व्हर तुम्हाला अनोळखी समजतो आणि "रिले" (मेल पुढे पोचवणं) असा शब्द असलेला संदेश देऊन मेल परत करतो.

त्याच खिडकीत पुढच्या ॲडव्हान्स्ड भागात पोर्ट पाहा. तिथे २५ असेल तर बदलाच. स्पॅम रोखण्यासाठी बऱ्याच ब्रॉडबँड कंपन्या ग्राहकांसाठी पोर्ट २५ बंद ठेवतात. ५८७ घातलंत तर एन्क्रिप्शन (मेल वाटेत कुणाला वाचता येऊ नये याची सोय) स्टार्टटीएलएस निवडा. ४६५ घातलंत तर एसएसएल. या जोड्या उलटसुलट झाल्या की प्रोग्रॅम नुसता फिरत राहतो आणि शेवटी "टाइम आउट" म्हणतो. शंका असेल तर मोबाइलचा हॉटस्पॉट लावून एक मेल पाठवा. तिथून गेला आणि घरच्या वायफायवरून अडला, तर लॅपटॉपला दोष देऊ नका.

येणं आणि जाणं दोन्ही बंद असेल, तर बहुधा पासवर्डचा प्रश्न असतो. जुन्या मेल प्रोग्रॅममधून आलेला नेहमीचा पासवर्ड जीमेल स्वीकारत नाही. टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून मिळणारा १६ अक्षरांचा ॲप पासवर्ड तिथे घालावा लागतो.

एकच मेल अडकला असेल तर

अटॅचमेंट तपासा. मेलमध्ये जाताना फाइल सुमारे एक तृतीयांशाने फुगते. २० एमबीचे फोटो साधारण २७ एमबी होतात, आणि जीमेलची मर्यादा २५ एमबी आहे. अशा वेळी ड्राइव्हची लिंक पाठवा. आणखी एक: आउटबॉक्समधला मेल "गेला का बघू" म्हणून उघडून बंद केला, की जुन्या आउटलुकमध्ये तो तिथेच थांबतो. पुन्हा उघडून सेंड दाबा.

जुना लॅपटॉप देऊन टाकण्याआधी, कृपया

खातं पॉपवर असेल, तर तुम्ही आजवर पाठवलेले मेल बहुधा फक्त जुन्या लॅपटॉपवर असतात. बिलं, कोटेशनं, सगळी. फॉरमॅट झालं की ती परत मिळतील याची खात्री कुणीच देऊ शकत नाही. आधी बॅकअप घ्या. जमत नसेल तर दोन्ही लॅपटॉप आमच्याकडे घेऊन या. नव्यावर खातं आयमॅपने जोडणं आम्हाला केव्हाही बरं वाटतं, कारण त्यात पाठवलेले मेलही सर्व्हरवर राहतात.

इंटरनेटवर शोधून सापडलेल्या "मेल सपोर्ट" नंबरवर पासवर्ड किंवा ओटीपी सांगू नका. आम्हीही फोनवर तो विचारत नाही. दुकानात आलात तर तुमचा पासवर्ड तुम्हीच टाइप करायचा.

येताना लॅपटॉप, चार्जर, ओटीपी येतो तो मोबाइल आणि स्क्रीनवर आलेल्या संदेशाचा फोटो आणा. संदेशातला ५३५ किंवा ५५० असा आकडा फोटोत दिसू द्या. पहिला पासवर्ड नाकारल्याचा असतो. दुसरा दिसला तर रिलेची अडचण किंवा समोरच्याचा चुकलेला पत्ता आम्ही आधी तपासतो.