पीसीओटू किती चालेल? अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या एबीजीमागचा वाद

आज एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) एबीजीवर, म्हणजे धमनीतल्या रक्ताच्या वायू-तपासणीत, पीसीओटू (रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडचा दाब, मिमी पाऱ्यात) २८ इतका कमी आला, तर सिस्टरची नजर आधी व्हेंटिलेटरवर जाते. ही धास्ती मुख्यतः नव्वदीतली. त्याआधी काळजी ऑक्सिजनचीच: जास्त झाला तर डोळे जातात, कमी पडला तर जीव. मग पहिल्या तीन दिवसांत पीसीओटू फार खाली गेलेल्या बाळांत पीव्हीएल, म्हणजे मेंदूच्या पोकळ्यांलगतच्या पांढऱ्या भागाची इजा, जास्त दिसू लागली. हा वायू घटला की मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात; वाढला की रुंदावतात, आणि जर्मिनल मॅट्रिक्समधल्या (मेंदूच्या पोकळ्यांलगतच्या अपक्व थरातल्या) नाजूक वाहिन्या फुटून रक्तस्राव होऊ शकतो.

याच सुमारास ‘परमिसिव्ह हायपरकॅप्निया’ हा शब्द मोठ्यांच्या आयसीयूतून इकडे आला, आणि घोळ तिथूनच आहे. मूळ अर्थ एवढाच, की फुफ्फुसं वाचवायला व्हेंटिलेटरचा दाब कमी ठेवा. त्यात पीसीओटू चढला तर त्याच्या मागे लागू नका. म्हणजे चालवून घेणं. १९९९ च्या एका छोट्या चाचणीत मात्र ४५ ते ५५ हे लक्ष्यच ठरलं. चालवून घेणं वेगळं आणि मुद्दाम वाढवणं वेगळं, पण शब्द तोच राहिला. २०१५ मध्ये निष्कर्ष आलेल्या जर्मन चाचणीत ४०० ते १००० ग्रॅमच्या बाळांसाठी पहिल्या तीन दिवसांत एका गटाला ५५ ते ६५, दुसऱ्याला ४० ते ५० असं लक्ष्य होतं. फुफ्फुसांना फायदा दिसला नाही आणि चाचणी मुदतीआधी थांबली. मोठ्या रक्तस्रावातही ठळक फरक निघाला नाही, म्हणून काहीजण जास्त पीसीओटू निर्धोक मानतात. मला ते घाईचं वाटतं. बाळ स्वतःही श्वास घेतं. डॉक्टरांनी ६० ठरवलं म्हणून ते ६० वर थांबत नाही, म्हणजे दोन गटांतला प्रत्यक्ष फरक ठरवल्याएवढा राहीलच असं नाही.

२००७ च्या एका अमेरिकी विश्लेषणात मोठा रक्तस्राव दोन्ही टोकांशी जोडलेला आढळलाच, शिवाय चढउताराशीही. सर्फॅक्टंट (फुफ्फुसांतल्या हवेच्या पिशव्या मिटू न देणारं औषध) दिल्यावर फुफ्फुसं उघडतात, व्हेंटिलेटर तेवढाच ठेवला तर पीसीओटू झपाट्याने घसरतो, आणि पुढचा नमुना काही तासांनी. वारंवार घ्यावा, तर ७०० ग्रॅमच्या बाळात रक्तच जेमतेम ६० मिली. त्यातून सिरिंजमध्ये हवेचा बुडबुडा राहिला तर आकडा खरा आहे त्याहून कमी दिसतो. त्वचेवरचा सेन्सर सलग आकडा देतो, पण तो तापवावा लागतो आणि जागा बदलत राहावी लागते. त्या कातडीला चटका बसायला वेळ लागत नाही.