जुन्या पेट्रोल पिकअपला सीएनजी किट : आरसीवर नोंद कशी करून घ्यायची?

भाजीची किंवा दुधाची वाहतूक करणाऱ्या जुन्या पेट्रोल पिकअपला सीएनजी बसवायचं ठरलं की पहिला फोन गॅरेजला जातो. माझं कळकळीचं सांगणं आहे, आधी आरटीओत चौकशी करा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार अशा बदलाची नोंद आरसीवर व्हावीच लागते. मंजुरीशिवाय बदल झाला असेल तर तो १४ दिवसांत कळवायचा असतो. बेकायदा बदलासाठी कलम १८२अ मध्ये प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे.

किट मान्यताप्राप्त हवं. त्याच्या टाइप अप्रूव्हल प्रमाणपत्रात (चाचणीनंतर त्या मॉडेलच्या किटला मिळालेली मान्यता) तुमच्या गाडीचं इंजिन बसतं का, ते पैसे देण्याआधी स्वतः वाचून पाहा. पुण्याची एआरएआय (ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया) ही अशा चाचण्या घेणारी एक संस्था. किट बसवणाराही किटच्या कंपनीने नेमलेलाच असावा.

सिलिंडरला जागा करायची म्हणून काही मेकॅनिक पेट्रोलची टाकीच सरकवू असं सुचवतात. हे मला अजिबात पटत नाही. टाकी सायलेन्सरपासून किती लांब, भरायची नळी कुठून, हे गाडीच्या कंपनीने विचार करून ठरवलेलं असतं, आणि टाकी हलवणं हा किटच्या कागदात न बसणारा वेगळाच बदल आहे. सिलिंडर केबिनमागे हौद्यात, पक्क्या फ्रेममध्ये बसवून घ्या. त्याचं वजन मालाच्या वजनातून वजा होतं, हेही धरून चाला.

अर्ज परिवहन पोर्टलवर ‘वाहनातील बदल’ या सेवेत भरून फी ऑनलाइन भरायची. आरसी, चालू विमा, पीयूसी, फिटनेस, कर भरल्याची पावती, ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा, किटचं बिल, टाइप अप्रूव्हलची प्रत, फिटरचं प्रमाणपत्र आणि सिलिंडरचं चाचणी प्रमाणपत्र जोडा. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची एनओसी.

मग गाडी तपासणीला न्यायची. खेटे पडतात ते इथेच. निरीक्षक चेसिस नंबर पाहतात, पेन्सिल प्रिंट (नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासून काढलेला ठसा) मागतात आणि सिलिंडरवर कोरलेला नंबर कागदाशी ताडून पाहतात. आदल्या दिवशी ओल्या फडक्याने सिलिंडरची मान पुसा, मोबाइलच्या उजेडात एकेक आकडा वाचा आणि प्रमाणपत्राशी जुळवा. रंगाखाली ३ आणि ८ सारखेच दिसतात. एका आकड्याची चूक असली तरी फिटरकडून कागद दुरुस्त करून आणावा लागतो, आणि धंद्याचा एक दिवस जातो तो वेगळाच.

आरसीवर इंधन ‘पेट्रोल/सीएनजी’ झालं की तीच प्रत विमा कंपनीला देऊन पॉलिसीत किटची नोंद करून घ्या. नाहीतर अपघातानंतर दावा अडकू शकतो. सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) दर तीन वर्षांनी करायची असते. पुढची तारीख प्लेटवर असते, आणि ती उलटली असेल तर पंपावर गॅस भरून मिळत नाही.